फेंटानिल उतरल्यावर पुढे काय? ऑपरेशनच्या वेदनेचं नियोजन, पायरी पायरीने

भूल छान उतरली होती, नाडी-रक्तदाब व्यवस्थित होता, सर्जन हातमोजे काढून पुढच्या कामाला लागले होते. रिकव्हरीत, म्हणजे ऑपरेशननंतर देखरेखीसाठी ठेवतात त्या खोलीत, आणल्यावर दहाव्या मिनिटाला तो माणूस खाटेची दांडी घट्ट धरून कळवळायला लागला. हर्नियाचं साधं ऑपरेशन, जेमतेम सव्वा तासाचं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट, एका छोट्या रुग्णालयातली, आणि चूक माझी होती. सुरुवातीला फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलं होतं, योग्य मात्रेत दिलं होतं. पण त्याचा असर अर्ध्या-पाऊण तासात ओसरणार आणि त्यानंतर या माणसाला कशाचा आधार असणार, हे मी आधी ठरवलं नव्हतं. मग धावपळ करून औषधं काढली, ती लागू पडेपर्यंत वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत त्याच्या बायकोने दाराच्या फटीतून आत पाहिलेलं मला अजून आठवतं.

भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना तेव्हापासून मी एकच नियम पाळते. लवकर उतरणारं औषध हातात घेण्याआधी, ते उतरल्यावर त्या जागी काय असेल ते कागदावर लिहिलेलं हवं. हा लेख ऑपरेशनला सामोरं जाणाऱ्या माणसासाठी आणि त्याच्या सोबत राहणाऱ्या घरच्यांसाठी आहे. नव्याने वॉर्डात लागलेल्या सिस्टर आणि निवासी डॉक्टरांनाही त्यातलं बरंच उपयोगी पडेल. यातले आकडे औषधं समजून घेण्यासाठी आहेत. इंजेक्शनची मात्रा ठरवण्याचं काम तुमच्यासमोर असलेल्या डॉक्टरांचंच.

आधी औषधं ओळखून घेऊ

ओपिऑइड म्हणजे अफूच्या कुळातली वेदनाशामकं. मॉर्फीन थेट अफूच्या चिकातून मिळतं. फेंटानिल मात्र पूर्णपणे प्रयोगशाळेतलं, बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी १९६० मध्ये तयार केलेलं. मॉर्फीनपेक्षा ते साधारण शंभरपट तीव्र आहे, म्हणून मॉर्फीन मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि फेंटानिल मायक्रोग्रॅममध्ये. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, दिसणाऱ्या दोन मिलीच्या छोट्या अँप्यूलमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे, त्यामुळे केसपेपरवर 'मायक्रोग्रॅम' हा शब्द पूर्ण लिहावा, तोंडी सांगताना पूर्ण उच्चारावा आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवावा.

शिरेतून दिलेलं फेंटानिल एक-दोन मिनिटांत जाणवायला लागतं, तीन ते पाच मिनिटांत पूर्ण जोर धरतं आणि अर्ध्या ते एका तासात ओसरतं. ते लवकर ओसरण्याचं कारण मात्र पुष्कळांना वाटतं तसं नाही. शरीर ते झटपट नष्ट करत नाही. रक्तातून ते आधी मेंदूत जातं, मग तिथून निघून स्नायूंत आणि चरबीत पसरतं. मेंदूतलं प्रमाण घटलं की असर संपतो, औषध अंगातच असतं. एखाद-दुसऱ्या डोसला याने काही बिघडत नाही. पण पंपाने तासन्‌तास चालू ठेवलं, किंवा पुन्हा पुन्हा देत राहिलं, की स्नायू-चरबीची कणगी भरत जाते आणि मग त्यातून औषध हळूहळू रक्तात परत येत राहतं. तेव्हा हेच अल्पकाळचं औषध कित्येक तास रेंगाळतं.

रेमिफेंटानिल याला अपवाद आहे. रक्तात आणि पेशींत असणारी एस्टरेज नावाची विकरं त्याचे तुकडे करतात, त्यामुळे पंप दहा मिनिटं चालो की पाच तास, तो बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांत सगळं संपतं. मेंदूच्या ऑपरेशनमध्ये, जिथे रुग्ण लगेच जागा होऊन हातपाय हलवून दाखवायला हवा, तिथे हे मोठं वरदान आहे. पण वेदनेचं कवचही त्याच पाच-दहा मिनिटांत गळून पडतं. शिवाय मोठ्या मात्रेत बराच वेळ दिलं तर नंतर मज्जासंस्था उलट जास्त हळवी होते आणि दुखणं नेहमीपेक्षा जास्त जाणवतं.

मॉर्फीन संथ आहे. शिरेतून दिल्यावर पूर्ण असर यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तो तीन-चार तास टिकतो. मूत्रपिंड अधू असेल तर त्याचे अवशेष साचतात आणि ते अवशेषही गुंगी आणतात, म्हणून डायलिसिसवरच्या रुग्णात आम्ही शक्यतो फेंटानिलकडे वळतो. ट्रॅमाडॉल हे सौम्य भावंड. आपल्याकडे गोळी आणि इंजेक्शन दोन्ही रूपांत सर्वांत जास्त वापरलं जातं, आणि सौम्य म्हणून सर्वांत जास्त गृहीतही धरलं जातं.

पहिली पायरी: भूलपूर्व तपासणीत काहीही लपवू नका

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ तपासतात तेव्हा बहुतेक लोक बीपी, शुगर आणि जुनी ऑपरेशनं सांगून थांबतात. वेदनेच्या नियोजनासाठी मला आणखी काही हवं असतं.

घोरणं. हे रुग्णाला माहीत नसतं, शेजारी झोपणाऱ्याला माहीत असतं. घोरता घोरता श्वास अडकतो का, दचकून जाग येते का, दिवसा बसल्या जागी डुलकी लागते का? अशा माणसाला ओपिऑइडची नेहमीची मात्राही झोपेत श्वास रोखायला पुरेशी ठरू शकते. म्हणून तपासणीला येताना घरचं माणूस बरोबर आणाच.

मळमळीचा इतिहास. एसटीत किंवा घाटात उलट्या होतात का, मागच्या भुलीनंतर झाल्या होत्या का, हे सांगा. बाई असणं, धूम्रपान न करणं, गाडी लागणं किंवा आधीची उलटी, आणि नंतर ओपिऑइड मिळणार असणं, या चार गोष्टींवरून उलटीची शक्यता आम्ही मोजतो. जितक्या जास्त गोष्टी लागू, तितकी शक्यता जास्त, आणि मग ऑपरेशन चालू असतानाच डेक्सामेथासोन आणि ऑन्डान्सेट्रॉन देऊन ठेवतो.

रोजची औषधं, पाकिटांसकट. झोपेची किंवा 'टेन्शनची' गोळी ओपिऑइडबरोबर श्वास आणखी मंद करते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर ट्रॅमाडॉल दिलं तर अंगाला कंप, घाम, ताप, बेचैनी असा गंभीर प्रकार होऊ शकतो. आकडीचा आजार असेल तर ट्रॅमाडॉल टाळतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर पाठीतलं इंजेक्शन आणि काही ब्लॉक (नसेजवळ दिलेली बधिरतेची इंजेक्शनं) अवलंबून असतात.

आणि जे सांगायला जीभ रेटत नाही ते. दारू किती, गांजा, अफू, गुडघ्यासाठी वर्षभर चालू असलेलं ट्रॅमाडॉल, व्यसनमुक्ती केंद्रातून मिळणारं ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन. यातलं काही असेल तर शरीराला सवय झालेली असते आणि नेहमीची मात्रा पुरत नाही. आम्हाला माहीत नसेल तर आम्ही कमी देतो आणि तुम्ही तळमळता. ही औषधं स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नका. नातेवाइकांसमोर बोलायचं नसेल तर 'डॉक्टर, दोन मिनिटं एकट्याशी बोलायचंय' एवढं म्हणा. मी तरी अशा वेळी बाकीच्यांना बाहेर पाठवते.

तपासणी संपण्याआधी तुम्ही एक प्रश्न विचारा: 'भूल उतरल्यावर दुखण्यासाठी काय काय देणार आहात?' याचं उत्तर एका औषधाच्या नावात संपत असेल तर अजून विचारा.

दुसरी पायरी: पाया आधी, ओपिऑइड वर

जेवणात भाकरी-भाजी असते आणि ठेचा तोंडी लावायला असतो. ओपिऑइडचं स्थान ठेच्याचं आहे. पोट भरायचं काम बाकीच्यांनी करायचं.

पहिली पॅरासिटामॉल. साधी म्हणून लोक तिला मोजत नाहीत, पण वेळ ठरवून दिली तर ओपिऑइडची गरज चांगली कमी करते. पन्नास किलोच्या वरच्या प्रौढाला एका वेळी १ ग्रॅम, दिवसभरात सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर नाही. यकृत अधू असेल, दारू जास्त असेल तर त्याहून कमी. दुसरी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारखी सूज उतरवणारी औषधं. मूत्रपिंड, अल्सर, हृदयविकार, रक्तस्रावाची भीती यांपैकी काही असेल तर मात्र नाहीत. तिसरा आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा भाग म्हणजे जागेवरची बधिरता. सोनोग्राफीवर नस पाहून दिलेला ब्लॉक, पोटाच्या भिंतीत दिलेला टॅप ब्लॉक, काहीच नाही तर निदान शिवण्याआधी सर्जनने जखमेच्या कडांना दिलेलं बुपिव्हाकेन हे बधिरतेचं औषध. शेवटच्याला वेगळं यंत्र लागत नाही, फारसा वेळ लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याने सर्जनला त्याची आठवण करून द्यावी.

ही औषधं 'दुखलं तर' नाही, घड्याळावर द्यायची. सहा तासांनी म्हणजे सहा तासांनी, रुग्ण हसत असला तरी. केसपेपरवर फक्त 'गरजेप्रमाणे' लिहिलं की रात्री दोनला गरज कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

तिसरी पायरी: ओटीत काय घडतं

पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालायची असते. त्या क्षणी शरीर जोरात दचकतं, नाडी आणि रक्तदाब उसळतात. फेंटानिल तो उसळा दाबतं. त्याची मात्रा साधारणतः किलोमागे एक ते दोन मायक्रोग्रॅम. पण ते नळीच्या तीन-चार मिनिटं आधी द्यायला हवं. नळी घालताना घाईने दिलं तर दचका बसून जातो आणि औषध नंतर, नको तेव्हा जोर धरतं. आणि ते सावकाश द्यायचं. भर्रकन ढकललं की खोकल्याची उबळ येते, मोठ्या मात्रेत तर छातीचे स्नायू ताठरतात आणि मास्कने हवा आत जाईना होते.

कमरेखालच्या ऑपरेशनला, विशेषतः सिझेरियनला, पाठीतल्या इंजेक्शनमध्ये बुपिव्हाकेनबरोबर १० ते २५ मायक्रोग्रॅम फेंटानिल मिसळतात. त्याने बधिरता चांगली पकड घेते, गर्भाशय ओढलं जातानाची ती आतली खोल कळ कमी जाणवते. थोड्या वेळाने बाई नाक चोळायला लागते, मग गाल, मग छाती. तिला वाटतं ॲलर्जी झाली. ती ॲलर्जी नसते, मणक्यातल्या ओपिऑइडची ओळखीची खाज असते आणि बहुधा आपोआप जाते. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली तर गोष्ट वेगळी, लगेच सांगा. काही ठिकाणी पाठीतून फेंटानिलबरोबर थोडं मॉर्फीनही देतात. त्याचा आराम वीस-चोवीस तास पुरतो, पण श्वासावर नजरही तेवढे तास ठेवावी लागते.

आता ज्या टप्प्यावर मी चुकले होते तो. ऑपरेशन संपायला अर्धा तास असताना पूल बांधायचा. पॅरासिटामॉल शिरेतून संपवून घ्यायची, चालत असेल तर डायक्लोफिनॅक द्यायचं, ब्लॉक किंवा जखमेतलं इंजेक्शन झालंय का ते पाहायचं, आणि मोठं ऑपरेशन असेल तर मॉर्फीन याच वेळी द्यायचं. मॉर्फीनला जोर धरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात हे लक्षात ठेवलं की वेळ चुकत नाही. रेमिफेंटानिल चालू असेल तर हा पूल अनिवार्य. पंप बंद केल्यावर बांधू म्हटलं तर रुग्ण पाण्यात पडलेला असतो.

चौथी पायरी: रिकव्हरीतला पहिला तास

'शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?' हा पुस्तकातला प्रश्न. शिकलेल्या माणसाला चालतो. खुब्याचं हाड मोडून आलेल्या एका आजींना मी तो विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, 'दहात किती म्हंजे काय गं बाई, मला न्हाई कळत ते.' डोळे मिटलेले, ओठ आवळलेले, एका हाताने चादरीची कड मुठीत धरलेली. मी विचारलं, 'आजी, रुपयात किती आणे दुखतंय?' डोळे उघडले. 'बारा आणे हाय की!'

वीस मायक्रोग्रॅम फेंटानिल, सावकाश. पाच मिनिटं थांबले, त्यांच्याशी गावाचं बोलत राहिले आणि छाती किती वेळा वर येते ते मोजत राहिले. 'आता?' 'आठ आणे.' मिनिटाला चौदा श्वास, बोलणं स्पष्ट. पुन्हा वीस. पाच मिनिटांनी चादरीची मूठ सैल झाली होती. 'चार आणे असंल. ऱ्हाऊ दे आता, तेवढं सोसंल.' मी सिरिंज खाली ठेवली आणि कागदावर आण्यांतच लिहिलं.

पद्धत एवढीच आहे. थोडं द्या, जोर धरेपर्यंत थांबा, जागेपण आणि श्वास पाहा, मग पुन्हा विचारा. फेंटानिलला पाच मिनिटं पुरतात म्हणून रिकव्हरीत ते सोयीचं. मॉर्फीन दोन-दोन मिलिग्रॅमने देत असाल तर धीर जास्त लागतो, कारण आधी दिलेल्याचा पूर्ण असर अजून यायचाच असतो. सत्तरीपुढच्या माणसाला सुरुवात निम्म्याने.

दुखणं किती, याइतकंच ते कसं, हेही विचारावं. आपल्या भाषेत यासाठी शब्दांची श्रीमंती आहे आणि प्रत्येक शब्द निदानाला मदत करतो. 'ठणकतंय' म्हणजे जखमेची सूज, तिथे सूज उतरवणारी औषधं कामी येतात. 'कळ येते आणि जाते' म्हणजे आतड्याचा किंवा मूत्राशयाचा पीळ. लघवी तुंबलेली असेल तर फेंटानिल देत बसण्यात अर्थ नाही, उलट ओपिऑइडने लघवी आणखी तुंबते. 'चमक मारते', 'आग होते', 'मुंग्या येतात' म्हणजे नसेचं दुखणं, त्याला ओपिऑइड कमीच दाद देतं. हे शब्द जसेच्या तसे केसपेपरवर लिहा, 'वेदना' असं गुळगुळीत करू नका.

झोपलेला माणूस शांत आहे असं धरून चालू नये, आणि रडणाऱ्या माणसाला फक्त औषधच हवंय असंही नाही. लहान मुलात चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होतं का, हे पाच मुद्दे पाहतात. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांत कण्हणं, कपाळावरच्या आठ्या, हात लावला की आखडणं.

पाचवी पायरी: पहिली रात्र आणि श्वास

नातेवाइकांनी लेखातला हा भाग दोनदा वाचावा.

ओपिऑइडने जीव जातो तो श्वास मंद होऊन. आणि तो अचानक थांबत नाही, आधी गुंगी वाढते. हाक मारली की डोळे उघडून नीट उत्तर देतो, ठीक. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडून डोळे मिटतात, ही धोक्याची घंटा. तेव्हाच सिस्टरना बोलवायचं, पुढचा डोस थांबवायचा. पोटावर हात ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दहाच्या खाली आले तर लगेच हाक मारा, आठच्या खाली म्हणजे आणीबाणी. गुंगीतलं मोठं घोरणं ऐकून 'छान झोप लागली' म्हणू नका, ती अर्धवट बंद झालेली श्वासाची वाट असू शकते. हलवून जागं करा, हनुवटी वर उचला, ओरडून मदत बोलवा.

बोटाला लावलेल्या यंत्रावर विसंबू नका. नाकाला ऑक्सिजन लावलेला असला की श्वास मंदावूनही आकडा बराच वेळ ९८-९९ दिसत राहतो. कार्बन डायऑक्साइड साचतोय हे ते यंत्र दाखवत नाही. जागेपण आणि श्वासांची संख्या हीच खरी राखण.

यावर उतारा आहे, नॅलॉक्सोन. जिथे ओपिऑइड दिलं जातं त्या प्रत्येक वॉर्डच्या ट्रेमध्ये तो असायला हवा. साधारणतः ४०० मायक्रोग्रॅमचं अँप्यूल पातळ करून चाळीस-चाळीसने देतात, कारण सगळं एकदम दिलं तर श्वासाबरोबर वेदनाही एकदम परत येते, रक्तदाब भडकतो. नॅलॉक्सोनचा असर अर्धा ते दीड तास टिकतो. मॉर्फीन त्याहून जास्त टिकतं. म्हणून माणूस जागा झाला की निश्चिंत व्हायचं नाही, तासभराने तो पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. पुढचे काही तास जवळ कोणी तरी हवंच.

मोठ्या रुग्णालयांत पीसीए पंप, म्हणजे रुग्णाने स्वतः चालवायचा वेदनाशामकाचा पंप, असतो. बटण दाबलं की ठरलेली छोटी मात्रा जाते, मग पाच ते दहा मिनिटं कितीही दाबलं तरी काही जात नाही. या यंत्राची सुरक्षितता एका गोष्टीवर उभी आहे: गुंगी आली की रुग्णाचा हात बटण दाबत नाही. लेकीने मायेने आईसाठी बटण दाबलं की ती सुरक्षा संपली. बटण फक्त रुग्णाचं, झोपला असेल तर झोपू द्या.

दुखणं शून्यावर आणायचा हट्ट धरू नका. त्या हट्टापायी गुंगी वाढते. मी विचारते ते वेगळं: खोल श्वास घेता येतो का? पोटाला उशी दाबून खोकता येतं का? कुशीवर वळता येतं का? उद्या संडासपर्यंत चालता येईल का? एवढं होत असेल तर आराम पुरेसा आहे. निजून राहिल्यावर दुखत नाही पण खोकायला गेलं की जीव जातो, तर तो पुरेसा नाही. असा माणूस खोकणं टाळतो, कफ साचतो आणि तिसऱ्या दिवशी ताप येतो.

एका बाबतीत मात्र औषध वाढवण्याआधी डोळे उघडे ठेवा. प्लास्टर घातलेला पाय, आणि दुखणं उतरायच्या ऐवजी तासातासाला वाढतंय, इंजेक्शन पुरत नाही, पायाची बोटं कोणी नुसती वाकवली तरी माणूस किंचाळतो. हा स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढल्याचा प्रकार असू शकतो आणि तो काही तासांत पाय निकामी करतो. इथे फेंटानिल नको, सर्जन हवा, त्याच क्षणी. पोटाच्या ऑपरेशननंतर वाढत जाणारं दुखणं आणि ताठ होत चाललेलं पोट यालाही हेच लागू.

'सवय लागेल' ही भीती

'इंजेक्शन नको, सवय लागेल.' हे मी रोज ऐकते, बहुधा थोरल्या मुलाच्या तोंडून, रुग्णाच्या नाही. रुग्णालयात, देखरेखीखाली, जखमेच्या दुखण्यासाठी दोन-तीन दिवस दिलेल्या औषधाने व्यसनी होणं हे क्वचितच. खरा धोका नंतरचा आहे, घरी गेल्यावर महिनोन्‌महिने चालू राहिलेल्या गोळ्यांच्या पट्टीचा. म्हणून पहिल्या रात्री हात आखडू नका आणि दहाव्या दिवशी हात सैल सोडू नका.

कायद्याचाही इथे हात आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने ही औषधं इतकी जखडली की अनेक छोट्या रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणंच सोडून दिलं. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन अशी सहा औषधं अत्यावश्यक म्हणून वेगळी काढली गेली. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता घेतली की ती ठेवता येतात. नोंदवही चोख ठेवावी लागते, अँप्यूल मोजून द्यावी-घ्यावी लागतात, उरलेलं औषध साक्षीदारासमोर टाकावं लागतं. हे काम आहे, पण करण्यासारखं आहे. ज्या रुग्णालयात ओटीत फेंटानिल आहे आणि वॉर्डात ट्रॅमाडॉलपलीकडे काहीच नाही, तिथल्या व्यवस्थापकांना मी हे हात जोडून सांगते.

सहावी पायरी: घरी

घरी जाताना कागदावर दोन याद्या वेगळ्या मागून घ्या. एक, घड्याळावर घ्यायच्या गोळ्या. दुसरी, फार दुखलं तरच घ्यायची ओपिऑइड गोळी, तिची संख्या आणि शेवटची तारीख. पित्ताशय, हर्निया, सिझेरियन अशा ऑपरेशननंतर बहुतेकांना ती काही दिवसच लागते, अनेकांना लागतच नाही. आठवड्यानंतरही तिच्याशिवाय चालेना तर गोळ्यांची नवी पट्टी आणण्याआधी सर्जनला जखम दाखवा.

ट्रॅमाडॉल प्रौढाला एका वेळी ५० ते १०० मिलिग्रॅम, दिवसाला ४०० च्या वर कधीच नाही, वृद्धांना त्याहून कमी. पॅरासिटामॉल मिसळलेली ट्रॅमाडॉलची गोळी मिळते. ती चालू असताना वर वेगळी पॅरासिटामॉल घेतली की नकळत दुप्पट होते, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. दारू नाही, मनाने झोपेची गोळी नाही, दुचाकी चालवायची नाही.

बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि ट्रॅमाडॉल नको. काही मुलांचं यकृत या औषधांचं रूपांतर फार वेगाने करतं आणि श्वास थांबतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा स्पष्ट इशारा दिला, आणि टॉन्सिल काढलेल्यांसाठी ती मर्यादा अठरा वर्षांची. अंगावर पाजणाऱ्या आईनेही ही दोन औषधं टाळावीत असं त्यातच आहे. बाळंतिणीच्या कागदावर ट्रॅमाडॉल दिसलं तर 'मी पाजते आहे' असं सांगून पर्याय विचारा. फेंटानिलचा चिकटवायचा पॅच घरात कोणा कर्करोगाच्या रुग्णाचा उरला असेल तर तो ताज्या ऑपरेशनवर लावू नका. त्याला जोर धरायला बारा ते चोवीस तास लागतात, मग तो आवरत नाही, आणि सवय नसलेल्या माणसाचा त्याने जीव जाऊ शकतो.

बद्धकोष्ठ होणारच असं धरून चाला. ओपिऑइड आतडी सुस्तावतं, बाकीच्या त्रासांना शरीर सरावतं, याला फारसं नाही. पहिल्या गोळीबरोबरच सोनामुखी किंवा बिसाकोडिलसारखं रेचक सुरू करायला डॉक्टरांना सांगा. पाणी कमी पिऊन नुसता इसबगोल घेतला तर मळ आणखी घट्ट बसतो. मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर तर रेचक हेच अर्धं वेदनाशामक.

उरलेल्या गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात पडून राहतात आणि चार महिन्यांनी शेजारच्या काकांच्या कंबरदुखीला दिल्या जातात. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, चिठ्ठीशिवाय देणं-घेणं गुन्हा आहे. काकांचं मूत्रपिंड कसं आहे, ते रात्री काय घेतात, तुम्हाला माहीत नाही. दुखणं थांबून आठवडा झाला की उरलेल्या गोळ्या पट्टीतून काढा, वापरलेल्या चहापूडमध्ये न चुरता मिसळा, पिशवीची गाठ मारा आणि कचऱ्यात टाका. रिकाम्या पट्टीवर नाव असेल तर ते खोडा. घरात लहान मूल असेल तर हे काम आठवड्यावर ढकलू नका, गोळी लागेनाशी झाली त्याच दिवशी उरका.